केबलवरची आणि वायफायवरची उपकरणं एकमेकांना सापडत नाहीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉप, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर केबलवर आणि मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही वायफायवर, अशी मांडणी आता बहुतेक घरांत असते. नेट सगळीकडे चालतं, पण मोबाइलवरून प्रिंट जात नाही, लॅपटॉपवरून डेस्कटॉपचं फोल्डर उघडत नाही, घरात बसूनही कॅमेरे दिसत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण थेट राउटर रिसेट करतात. ती सगळ्यात शेवटी करायची गोष्ट आहे. आधी दोन्ही उपकरणांचे आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधले त्यांचे आकड्यांतले पत्ते, बघा. निम्म्याहून जास्त गुंता तिथेच उलगडतो.

नेट दोन्हीकडे चालतंय, मग प्रिंटर मोबाइलला का सापडत नाही?

कारण नेट चालण्यासाठी प्रत्येक उपकरणाने फक्त राउटरपर्यंत पोहोचणं पुरेसं असतं. दोन उपकरणांनी एकमेकांशी बोलण्यासाठी मात्र राउटरने आतल्या आत डेटा इकडून तिकडे द्यावा लागतो. घरगुती राउटरमध्ये लॅन पोर्ट (घरातल्या केबल लावायच्या खाचा) आणि वायफाय मुळात एकाच नेटवर्कचे भाग असतात, त्यामुळे हे आपोआप व्हायला हवं. त्यासाठी वेगळी सेटिंग लागत नाही.

होत नसेल तर चारपैकी एक कारण धरून चाला. दोन उपकरणं दोन वेगळ्या राउटरांच्या मागे आहेत; वायफायवर आयसोलेशन, म्हणजे उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग, चालू आहे किंवा ते पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क आहे; एखाद्या उपकरणात चुकीचा आयपी ॲड्रेस हाताने टाकलेला आहे; किंवा उपकरणाचं स्वतःचं फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या विनंत्या अडवणारा पहारेकरी, दार उघडत नाही. फायबर आलेल्या घरांत आधी पहिल्या कारणाचा संशय घ्या.

मग सुरुवात कुठून करायची?

मोबाइलवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा शेजारच्या चक्रावर टॅप केलं की आयपी ॲड्रेस दिसतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी) ही कमांड मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि आयपीव्ही४ ॲड्रेसची ओळ शोधा. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापता येतं, त्यावर ॲड्रेस असतो. डीव्हीआरचा ॲड्रेस त्याच्या नेटवर्क मेनूत सापडेल.

आता आकडे शेजारी शेजारी कागदावर लिहा. समजा प्रिंटर १९२.१६८.१.२० आणि मोबाइल १९२.१६८.०.१०५. सबनेट मास्क (नेटवर्कची हद्द ठरवणारा आकडा, तो ॲड्रेसजवळच दिसतो) २५५.२५५.२५५.० असेल, आणि घरात तो जवळजवळ नेहमी तोच असतो, तर पहिले तीन आकडे तंतोतंत सारखे हवेत. इथे तिसरा आकडा एकीकडे १ आणि दुसरीकडे ० आहे, म्हणजे ही दोन वेगळी नेटवर्कं झाली.

पण माझ्याकडे तर एकच राउटर आहे!

बहुधा दोन आहेत. फायबरची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर ज्या डब्यात शिरते, ज्याला सगळे मॉडेम म्हणतात, तो डबा आजकाल स्वतःच पूर्ण राउटर असतो. त्याला स्वतःचं वायफाय आणि स्वतःचे लॅन पोर्ट असतात, आणि तो ॲड्रेसही वाटतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून तुम्ही बाजारातून आणखी एक राउटर आणता आणि डब्यातून आलेली केबल त्याच्या निळ्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून नेट घेणाऱ्या पोर्टमध्ये, लावता. त्या क्षणी घरात दुसरं नेटवर्क तयार होतं. हॉलमधला प्रिंटर डब्याला जोडलेला, बेडरूममधला मोबाइल नव्या राउटरवर, आणि मध्ये नव्या राउटरची भिंत.

जिओच्या फायबर बॉक्सचा ॲड्रेस १९२.१६८.२९.१ असतो, टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या बऱ्याच राउटरांचा १९२.१६८.०.१, आणखी कित्येकांचा १९२.१६८.१.१. त्यामुळे तिसऱ्या आकड्यावरूनच अनेकदा कळतं की कोणतं उपकरण कोणाच्या मागे आहे.

खात्री करायची असेल तर नव्या राउटरवरच्या लॅपटॉपवर ट्रेसर्ट (टी-आर-ए-सी-ई-आर-टी) लिहून जागा सोडा आणि पुढे ८.८.८.८ टाका. पहिल्या दोन ओळींत १९२.१६८ ने सुरू होणारे दोन वेगळे ॲड्रेस दिसले की दोन राउटर नक्की. त्यापुढे १०० किंवा १० ने सुरू होणारे ॲड्रेस आले तर ते नेट देणाऱ्या कंपनीच्या नेटवर्कमधले समजा.

दोन राउटर आहेत हे कळलं. आता काय करू?

तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे फायबरच्या डब्याला तुमच्या राउटरशिवाय काहीच जोडायचं नाही. प्रिंटर, डीव्हीआर, डेस्कटॉपच्या केबल तुमच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये हलवा आणि डब्याचं वायफाय बंद करा. सगळं एकाच राउटरच्या मागे आलं की विषय मिटतो. दोघं एकाच कपाटावर असतील तर पाच मिनिटांचं काम आहे.

पण डबा हॉलमध्ये, राउटर आतल्या खोलीत आणि प्रिंटरही हॉलमध्ये असेल, तर केबल पुन्हा कोण ओढणार? मग तुमच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो स्वतःचं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पुरवेल. राउटरचा ॲड्रेस ब्राउझरमध्ये टाकला की त्याच्या सेटिंगची पानं उघडतात; बऱ्याच मॉडेलमध्ये त्यांतल्या ऑपरेशन मोड नावाच्या पानावर हा पर्याय आयता असतो. तो निवडला की राउटर रीस्टार्ट होतो, ॲड्रेस वाटायचं काम डब्याकडे जातं आणि घरभर एकच नेटवर्क राहतं. वॅन पोर्टमधली केबल तशीच ठेवली तरी चालते.

तो पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी डब्याकडून येणारी केबल काढा. लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा आणि राउटरचं पान उघडा. आधी डीएचसीपी, म्हणजे ॲड्रेस वाटायचं काम, बंद करा. मग लॅनचा आयपी डब्याच्या मालिकेतला पण मोकळा असलेला द्या, डबा १९२.१६८.१.१ असेल तर राउटरला १९२.१६८.१.२. डबा हाच २ आकडा दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, हे त्याच्या डीएचसीपीच्या यादीत बघून घ्या. सेव्ह केल्यावर डब्याची केबल वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद न करता केबल लॅनमध्ये लावली तर घरात दोघे ॲड्रेस वाटत बसतात. काही उपकरणांना एकाकडून, काहींना दुसऱ्याकडून ॲड्रेस मिळतो आणि मग नेटही मधूनमधून जायला लागतं.

तिसरा रस्ता म्हणजे डबा ब्रिज मोडमध्ये टाकणं, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून नेट थेट तुमच्या राउटरकडे देणं. त्यासाठी कंपनीची मदत लागते, अनेक ठिकाणी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं, युजरनेम आणि पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावा लागतो, आणि डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर तो बंद पडू शकतो. साध्या घरासाठी ॲक्सेस पॉइंटचा रस्ताच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉपवरून प्रिंट जाते, पण दुसऱ्या वायफायवरच्या मोबाइलवरून लॅपटॉप उघडत नाही. असं एकाच बाजूने कसं?

ही दोन राउटरांची खूणच आहे. आतल्या राउटरमागचं उपकरण बाहेरच्या डब्यावरच्या प्रिंटरला ॲड्रेस टाकून गाठू शकतं, कारण त्याच्या दृष्टीने ते नेटवर बाहेर जाण्यासारखंच आहे. उलट दिशेने मात्र आतला राउटर अनोळखी विनंती अडवतो.

पहिले तीन आकडे सारखे आहेत, तरी जमत नाही. पुढे काय?

आता पिंग करून, म्हणजे समोरच्या उपकरणाला हाक मारून बघा, पण उत्तर नीट वाचा. विंडोजवर पिंग लिहून जागा सोडून समोरच्याचा ॲड्रेस टाका. रिप्लाय आला तर रस्ता मोकळा आहे आणि अडचण शेअरिंग किंवा ॲपमध्ये आहे. डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल आलं आणि त्या ओळीत तुमच्याच लॅपटॉपचा ॲड्रेस दिसला, तर समोरचं उपकरण हाकेलाच उत्तर देत नाही: ते बंद आहे, केबल निघाली आहे किंवा राउटर मध्ये अडवतो आहे. रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर मात्र लगेच राउटरला दोष देऊ नका.

कारण विंडोजचं फायरवॉल पिंगला गप्प बसवू शकतं. म्हणून पिंगनंतर लगेच दुसरी कमांड द्या: एआरपी, जागा, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ए. येणाऱ्या यादीत समोरच्याच्या आयपीपुढे फिजिकल ॲड्रेस, म्हणजे बारा अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस दिसतो का ते बघा. दिसला आणि तो त्या उपकरणाच्या स्टिकरवरच्या मॅक ॲड्रेसशी जुळला, तर राउटर त्याचं काम चोख करतो आहे; शोध आता त्या उपकरणाच्या फायरवॉलमध्ये घ्यायचा. ओळच नसेल तर रस्ता मध्येच तुटलाय, आणि पुढचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत. ही एक कमांड तासाभराची आदळआपट वाचवते. लोक ती वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

एक सावधगिरी: डबा आणि राउटर दोघांचाही ॲड्रेस १९२.१६८.१.१ असेल तर आकडे सारखे दिसूनही नेटवर्कं वेगळी असू शकतात. अशी टक्कर झाली की बरेच राउटर आपला ॲड्रेस स्वतः बदलून घेतात, पण सगळेच नाही.

एपी आयसोलेशन कुठे असतं आणि ते चालू कोणी केलं?

वायरलेसच्या ॲडव्हान्स्ड पानावर. नाव मॉडेलप्रमाणे बदलतं: एपी आयसोलेशन, क्लायंट आयसोलेशन, वायरलेस आयसोलेशन, एसएसआयडी आयसोलेशन. काही राउटरांत हे फक्त वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडतं, काहींत केबलवरच्यांपासूनही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी खूण बहुधा वेगवेगळी असते. एकीकडची काढली आणि दुसरीकडची राहिली, असं सर्रास होतं. दोन्हीकडे बघा, सेव्ह करा आणि मोबाइलचं वायफाय एकदा बंद करून चालू करा. चालू कोणी केलं? कधी कनेक्शन लावणाऱ्याने, कधी सुरक्षेच्या नावाखाली घरातल्याच कोणीतरी.

ते बंद केलं तर धोका वाढतो का?

वायफायवर फक्त घरची माणसं असतील आणि पासवर्ड बरा असेल तर काळजीचं कारण नाही. पण कोकणात होमस्टे चालवत असाल, किंवा वरच्या खोलीत भाडेकरू असतील, तर त्यांना गेस्ट नेटवर्कच द्या आणि त्यावरचं आयसोलेशन राहू द्या. पाहुण्यांच्या मोबाइलला तुमचा डीव्हीआर दिसण्याचं काहीच कारण नाही.

गेस्ट वायफायवरून प्रिंटर का चालत नाही?

कारण ते नेटवर्क नेमकं त्यासाठीच बनवलेलं असतं: नेट द्यायचं, घर दाखवायचं नाही. काही राउटरांत गेस्टलाही त्याच मालिकेतले आकडे मिळतात, त्यामुळे ॲड्रेस बघून फसायला होतं. वायफायचं नाव बघा. घरातली मुलं सोपा पासवर्ड म्हणून गेस्टवरच जोडलेली असतात.

विंडोजचा डेस्कटॉप केबलवर आहे. तो सगळ्यांना शोधतो, पण त्याला कोणी शोधू शकत नाही.

सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडा. प्रोफाइल पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. पब्लिक म्हणजे विंडोज समजतं की आपण रेल्वे स्टेशनच्या वायफायवर आहोत, आणि बाहेरून आलेलं जवळजवळ सगळं नाकारतं. नवा राउटर लावला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि प्रोफाइल पुन्हा पब्लिक होऊ शकतं. काल चालणारं शेअरिंग आज बंद, याचं हे नेहमीचं कारण. एकाच लॅपटॉपवर केबलचं आणि वायफायचं प्रोफाइल वेगळं असतं हेही लक्षात ठेवा. फायरवॉल पूर्ण बंद करू नका. आणि विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्याचं स्वतःचं फायरवॉल असतं, तिथेही नेटवर्कला होम किंवा ट्रस्टेड म्हणावं लागतं.

ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होतोय. हे काय?

त्या उपकरणाला कोणीच ॲड्रेस दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. केबल सैल, स्विचचा ॲडॅप्टर बंद, किंवा डीएचसीपी दोन्हीकडे बंद. केबल बदलून आणि दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा.

नेटची कंपनी बदलली आणि डीव्हीआर गायब झाला.

कॅमेरे बसवणाऱ्यांची पद्धत असते की डीव्हीआरला ॲड्रेस हाताने द्यायचा. जुना राउटर १९२.१६८.०.१ होता, डीव्हीआरला १९२.१६८.०.१०० दिला होता. नव्या डब्याची मालिका १९२.१६८.१ आहे. डीव्हीआर अजून जुन्याच मालिकेत, म्हणून मोबाइलला सापडत नाही आणि त्याला नेटही मिळत नाही. डीव्हीआरला टीव्ही आणि माउस जोडून नेटवर्क मेनूत ॲड्रेस, गेटवे (राउटरचा ॲड्रेस) आणि डीएनएस नव्या मालिकेतले भरा. डीव्हीआरचा पासवर्डच कोणाला आठवत नसेल, तर उलटं करा: नव्या राउटरचा लॅन आयपी १९२.१६८.०.१ करा. हाताने ॲड्रेस दिलेली सगळी जुनी उपकरणं एका फटक्यात परत येतात.

पीओई एनव्हीआर (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा रेकॉर्डर) असेल तर त्याच्या मागच्या पोर्टांना जोडलेल्या कॅमेऱ्यांचं बहुधा स्वतःचं आतलं नेटवर्क असतं. मोबाइलला एनव्हीआर दिसतो, सुटा कॅमेरा दिसत नाही. हा बिघाड नाही.

बाहेर मोबाइल डेटावर कॅमेरे दिसतात, घरी वायफायवर आलो की बंद.

ॲपमध्ये घराचा बाहेरचा पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी किंवा डीडीएनएसचं नाव टाकलेलं असणार. आतूनच बाहेरच्या पत्त्याने आत यायला राउटरमध्ये नॅट लूपबॅक लागतं, आणि ते सगळ्या राउटरांत नसतं. ॲपमध्ये डीव्हीआरचा आतला ॲड्रेस टाकून दुसरी नोंद करा आणि घरात ती वापरा.

लाइट जाऊन आली की प्रिंटर ऑफलाइन होतो.

लाइट आल्यावर राउटर आणि उपकरणं नव्याने सुरू होतात आणि प्रिंटरला वेगळा ॲड्रेस मिळू शकतो. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत राहतो. राउटरच्या डीएचसीपी पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन करा: प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला एक कायमचा आयपी. मग कॉम्प्युटरमध्ये प्रिंटर त्याच ॲड्रेसने पुन्हा जोडा. मोबाइलसाठी रिझर्व्हेशन करत असाल तर त्याचा रँडम किंवा प्रायव्हेट मॅक ॲड्रेस त्या नेटवर्कपुरता बंद करा, नाहीतर पुढेमागे मॅक बदलला की नोंद निकामी होते.

ॲड्रेस टाकला की उघडतं, पण यादीत नाव येत नाही.

टीव्हीवर कास्ट करणं, मोबाइलवरून प्रिंटर आपोआप सापडणं हे मल्टिकास्टवर चालतं: उपकरण २२४.०.०.२५१ किंवा २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यांवर सगळ्यांना उद्देशून हाक देतं. ही हाक राउटर ओलांडून दुसऱ्या नेटवर्कमध्ये जात नाही, म्हणून आधी दोन राउटरांचा प्रश्न संपवा. एकच राउटर असेल तर त्यातलं आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट गाळणारी सेटिंग) बंद करून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा चालू करून ठेवा.

मोबाइलचंही तपासा. आयफोनवर २०२० मधल्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हटलं असेल तर ॲप मुकाट्याने काहीच शोधत नाही. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये लोकल नेटवर्क उघडून ती द्या. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचा व्हीपीएन घरचं नेटवर्क मुद्दाम तोडतो. तिथे तुमच्या हातात काही नसतं.

चार पोर्टांपैकी एकाच पोर्टवर ही अडचण येते.

तो पोर्ट आयपीटीव्हीसाठी, म्हणजे नेटच्या लाइनवरून येणाऱ्या टीव्हीसाठी, वेगळा काढलेला असू शकतो, बऱ्याचदा चौथा. केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावा.

प्रिंटर २.४ वर आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर, म्हणून तर नाही?

नाही. दोन्ही एकाच नेटवर्कचे भाग असतात. आयसोलेशन नसेल तर बँड वेगळा असल्याने काही अडत नाही.

राउटरला लावलेला पेन ड्राइव्ह नव्या लॅपटॉपवर उघडत नाही.

जुने राउटर फाइल शेअरिंगसाठी एसएमबी१ हे जुनं तंत्र वापरतात. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बसवलेलंच नसतं किंवा न वापरल्यास आपोआप निघून जातं, आणि ते बरंच झालं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी१ मधल्या भगदाडातून पसरला होता. ते पुन्हा चालू करू नका, राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून शेअर उघडणंही बंद आहे, तेव्हा राउटरवर शेअरिंगला युजरनेम आणि पासवर्ड लावा.

रिसेट केलं तर सुटेल का?

तुमच्या राउटरचं सुटू शकतं, फक्त आधी सेटिंगचे फोटो काढून ठेवा. फायबरच्या डब्याचं छिद्रातलं बटण मात्र दाबू नका. त्यात कंपनीने भरलेली माहिती पुसली गेली तर माणूस येईपर्यंत घरात नेटच राहणार नाही. बंद करून चालू करणं वेगळं, ते खुशाल करा.

नेटवाल्याला फोन करताना काय सांगू?

नेट चालत नाही असं सांगू नका. तो बाहेरची लाइन तपासेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल. असं सांगा: "तुमच्या डब्याच्या लॅन पोर्टवरचा प्रिंटर १९२.१६८.१.२०, तुमच्याच डब्याच्या वायफायवरचा मोबाइल १९२.१६८.१.३५, पिंग जात नाही, एआरपीमध्ये मॅक येत नाही. डब्यावर आयसोलेशन चालू आहे का बघा." काही डब्यांत हे पान ग्राहकाच्या लॉगिनला दिसतच नाही, ते त्यांनाच बदलावं लागतं. अडचण तुम्ही विकत घेतलेल्या राउटरमागे असेल तर ते बघणार नाहीत, म्हणून फोन करण्यापूर्वी दोन्ही उपकरणं थेट डब्याला जोडून एकदा तपासून घ्या.